काशीतल्या दुर्गाघाटच्या कठड्यासाठी विलायती सल्ला

लीड्स, इंग्लंड

ती. काकूस शि. सा. नमस्कार.

गणपतीच्या आत वाड्याच्या जिन्याच्या कठड्याला चॉकलेटी ऑइलपेंट मारून घ्यायचा तुझा बेत कळला. आम्ही इथे तोच उद्योग केल्याचं सूनबाईने तुला फोनवर सांगितलं, म्हणून माझा सल्ला हवाय. तुझ्या पत्राखाली काकांचा शेरा आहेच, ‘शिकला इंजिनियरिंग, मारतोय रंग.’ त्यांना सांग, इथे रंगारी आधी नुसती मापं घेऊन जातो, मग आकडा पाठवतो. तो आकडा वाचला की कुठलाही इंजिनियर ब्रश आणायला निघतो.

आमचं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, जिना वाड्यातल्यासारखाच उभा आणि संडास वरच्या मजल्यावर. त्यामुळे ‘रंग वाळेपर्यंत जिना बंद’ हे पाटीवर लिहायला ठीक. कठड्याच्या पट्टीवरचा पांढरा रंग खरवडला तर खाली चॉकलेटी, त्याखाली दवाखान्याचा हिरवा, आणि तळाशी निघालं चक्क महोगनी! आधीच्या प्रत्येक मालकाने आपली आवड त्या लाकडावर लिंपून ठेवली होती. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच, की हात धरायच्या पट्टीला रंग देऊच नकोस. खालच्या दांड्यांना खुशाल दे.

कारण आपल्या पट्टीवर वाई-साताऱ्यापासून राजापूरपर्यंतच्या यात्रेकरूंचे हात पडलेत. गंगेतून ओलेत्याने आलेले, पेढे खाल्लेले, काकांशी दक्षिणेवरून घासाघीस करताना घामेजलेले. त्यांची नावं काकांच्या उपाध्येपणाच्या वह्यांत आणि तेल आपल्या कठड्यात. तेलकट लाकडावर रंग धरत नाही, तो वरवर बसतो आणि नेमका हात पडतो तिथूनच सुटतो. तेव्हा पट्टी सोड्याच्या पाण्याने पुसून घे, पूर्ण वाळू दे, बारीक पॉलिश पेपर फिरव आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात दे. रंगाच्या दुकानात मिळतं ते, डबल बॉईल्ड. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. मणिकर्णिका जवळ आहे, घरात वेगळी सोय नको.

दुसरं, दांड्यांवरचा जुना रंग कोरडा घासू देऊ नकोस. तो आजोबांच्या वेळचा, म्हणजे त्यात शिसं असणार असं धरूनच चालायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा आली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. घासताना उडणारी धूळ पोरांच्या पोटात गेलेली वाईट. पाणी मारून ओलं घासायचं, तोंडाला नुसता गमछा न बांधता चांगला मास्क लावायचा आणि खरवडलेला चुरा गंगार्पण न करता पिशवीत भरायचा. रंगारी हसेल. हसू दे.

आता गंमत ऐक. आमचे खालचे दांडे पाइनचे. त्यांच्या गाठींतून राळ पाझरते आणि पांढऱ्या रंगावर पिवळे डाग उठतात. दुकानदाराने त्यावर म्हणून खास अस्तर दिलं. डबा उलटून वाचतो तर शेलॅक! म्हणजे आपला लाखेचा चपडा. साहेबाच्या राज्यात मिर्झापूरच्या कारखान्यांतून विलायतेला जायचा तोच. काशीच्या शेजारचा माल मी पौंड मोजून लीड्समध्ये घेतला आणि दुकानदाराने वर तो कसा वापरायचा हेही शिकवलं.

तुमच्या कठड्याचे जे दोन दांडे गेलेत, तिथे काकांनी सुतळी बांधलीय. ती सोडा आणि खोजवाँ-कश्मीरीगंजच्या एखाद्या खराद्याला नमुना दाखवा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून खेळणी रंगवणारी माणसं ती, जुन्याला जोड सहज कातून देतील. मला इथे तसा दांडा मिळेना, शेवटी पडक्या घराच्या भंगारातून उचलला.

राहता राहिला मुहूर्त. भाद्रपदात गंगा चढलेली, भिंती ओल्या, दमट लाकडावर रंगाला फोड येतात. तेव्हा गणपतीच्या आत नकोच. पितृपक्षात जिना क्षणभर रिकामा नसतो. कार्तिकात पंचगंगेच्या स्नानाची गर्दी. मला दसरा ते कोजागिरी एवढीच फट दिसते. तेवढ्या दिवसांत यात्रेकरूंना मागच्या जिन्याने न्या. काका म्हणतील, तो जिना अंधारा आहे. दिवा लावा म्हणावं, बिल मी भरतो.

सूनबाईचा आणि पोरांचा नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. काकांनी चॉकलेटी रंगाचा डबा आधीच आणला असेल, तर तो गच्चीच्या लोखंडी जाळीला मारा. मात्र वाळेपर्यंत कुणीतरी काठी घेऊन बसा. माकडांनी हात लावला तर तोच रंग शेजारच्यांच्या वाळवणावर उमटेल आणि भांडण काकांना निस्तरावं लागेल.