अंगठ्याचा दर्जा

इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डच्या अमदानीत, 1463 साली, उमरावाहून खालच्या दर्जाच्या इसमाने जोड्याचे टोक दोन इंचांहून लांब ठेवू नये असा जो कायदा झाला, तो दूरदर्शी होता. कारण निमुळत्या जोड्यात कोंबलेला अंगठा शेजारच्या बोटांवर रेलतो, त्याच्या मुळाशी सांधा लालबुंद टेंगळासारखा वर येतो, आणि असे खानदानी व्यंग कुणब्यालाही जडू लागले, तर कुलीनाने मिरवावे काय? केंब्रिजच्या मध्ययुगीन दफनभूमींतल्या अस्थी सांगतात की, वाकड्या अंगठ्याची माणसे पडून हातही मोडून घेत; परंतु प्रतिष्ठित पुरुषाने पडायचेच, तर इतमामाने पडावे. सबब आमची तजवीज अशी की, सरळ बोटांच्या इसमास दरबारी मज्जाव असावा. अपवाद फक्त वैराग्याची शपथ घेतलेल्या मठवासीयांचा करणार होतो. पण त्यांचेही अंगठे तपासले, आणि त्यांना थेट मानाच्या पंगतीत बसविले.