भोवऱ्यात सापडलेला बाप

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात कोणाला जुळं झालं की पेढ्याचा तुकडा तोंडात जायच्या आधी एक प्रश्न तोंडातून बाहेर येतो: जुळी केळी कोणी खाल्ली? दुसरीकडे लोक बाळांचं वजन विचारत असतील, बाळंतिणीची तब्येत विचारत असतील. पण महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त केळी जिथे पिकतात त्या जळगाव जिल्ह्यात, आणि त्यातही फैजपुरात, चौकशी केळीपासून सुरू होते. एका सालीत चिकटलेली दोन केळी पोटात गेली की पोटी जुळी येतात, हा इथला सिद्धांत आणि त्यावर अपील नाही. सोन्या-मोन्या जन्मले त्याच दुपारी माझ्या आईने दवाखान्याच्या व्हरांड्यात चौकशी समिती बसवली. बायको पहिल्या फेरीतच निर्दोष सुटली, कारण त्या नऊ महिन्यांत तिला केळीचा वाससुद्धा सहन होत नव्हता. मग समितीची नजर माझ्याकडे वळली.

"तूच खाल्ली असशीन," आई म्हणाली.

खाल्ली होती हो. जुळं केळ खोक्यात नीट बसत नाही, त्यामुळे दिल्लीच्या मालात ते चढत नाही, मागे राहतं. आणि मागे राहिलेला माल खाऊन संपवणं हे माझ्यासारख्या शेत नसलेल्या माणसाचं या तालुक्यातलं एकमेव योगदान आहे. तरीही मी कॉलेजात शिकवतो (विषय इतिहास, पण आईपुढे सगळे विषय सारखेच) या बळावर तिला समजावलं, की एकसारखी दिसणारी जुळी म्हणजे एकाच फलित अंड्याचे दोन भाग होणं, हजारात साधारण तीन-चार वेळा ते घडतं, जगात कुठेही गेलं तरी प्रमाण जवळपास तेवढंच, त्यात ना केळीचा संबंध ना घराण्याचा. आता इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शिकवण्याची सवय वाईट. मी पुढे म्हणालो, की केरळात कोडिन्ही नावाचं एक गाव मात्र जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे इतकी जुळी का, ते शास्त्रज्ञांना अजून नीट उलगडलेलं नाही.

"केरयात केयी होत्यात ना?" आईने विचारलं.

होतात. भरपूर होतात. समितीचं कामकाज संपलं.

आमच्या शेजारी एक केळीवाले काका आहेत. त्यांनी बारशाला आल्या आल्या प्रतवारी करून टाकली. थोरला म्हणजे नवती, पहिल्या लागवडीचा माल. जुळे म्हणजे त्याच बुंध्याला नंतर आलेली पिलबाग. "आणि मी?" मी हौसेने विचारलं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू वापसी." वापसी म्हणजे घड उतरवल्यावर व्यापारी ज्याच्याकडे एकदा बघून बाजूला ठेवतो तो माल. तेव्हा मी हसलो. पुढे मुलं रांगायला लागली, चालायला लागली, पळायला लागली आणि एकच बिस्किट दोन वेगवेगळ्या पोरांना दिल्याच्या खात्रीने मी एकाच पोराला दोनदा देऊ लागलो, तेव्हा काकांची नजर किती पारखी आहे ते कळलं.

कारण सोन्या कोण आणि मोन्या कोण, हे मला कळत नाही. बायकोला कळतं, पण ती सांगत नाही. "तुमचीच मुलं आहेत, ओळखा," एवढं बोलून ती पोळी उलटते. आईलाही कळतं, निदान ती हाक ठामपणे मारते, आणि जो येईल त्याला तेच नाव देते. मी सगळे उपाय केले. सोन्याच्या पायात काळा दोरा बांधला. मोन्याने तो सोडवून स्वतःच्या पायात घालायचा हट्ट धरला. मोन्याच्या अंगठ्याला बायकोचं नेलपॉलिश लावलं. सोन्याने बाटली शोधून स्वतःच्या दहाही बोटांना, फ्रिजच्या दाराला आणि माझ्या तपासायच्या उत्तरपत्रिकांना लावलं. लाल शाई समजून विद्यार्थ्यांनी मार्क मोजले.

घरात या बाबतीत खरा अधिकारी एकच, तो म्हणजे थोरला. तो चौथीत आहे आणि लांबून, पाठमोरं, अंधारात, चादरीखालचा नुसता पाय बघूनही सांगतो की हा मोन्या. सुरुवातीला तो हे फुकट सांगायचा. मग एका ओळखीला एक गोळी झाली. मग गोळीचा रुपया झाला. मग तो शेजारच्या काकांच्या ओट्यावर बसायला लागला आणि तिथे त्याला कळलं, की केळीच्या व्यापारात भाव वेगळा लागतो आणि त्यावरचा 'फरक' वेगळा. तेव्हापासून ओळखीचा भाव दोन रुपये, आणि पाहुण्यांसमोर हळू आवाजात सांगायचं असेल तर वर एक रुपया फरक. मी निमूटपणे देतो. घरी कोणी आलं की दोन्ही धाकट्यांना मांडीवर घेऊन फोटो काढतं, आणि फोटो काढायला मोबाइल थोरल्याच्या हातात देतं, हे मी पाहिलेलं आहे. एवढ्या जन्माच्या छायाचित्रकाराला रुपया-दोन रुपये मिळायलाच हवेत.

पण मे महिना आला, आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. आमच्याकडच्या मे महिन्यात डोक्यात काहीही येऊ शकतं. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला, बायको तिथेच मावसबहिणीच्या लग्नाला गेलेली, आई गच्चीवर बिबडे घालण्यात गुंतलेली. आणि मला सुचलं, की उन्हाळा आहे, एका पोराचं चकोट करून आणावं. फक्त एकाचं. केस परत येईपर्यंत निदान महिनाभर मी या घरात बापासारखा वावरेन. योजना म्हणून यात काही खोट काढून दाखवा. शिवाय नियोजन म्हणजे काय, हे फैजपूरकराला कोणी शिकवू नये. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच गावाने पार पाडलं, नेहरू अध्यक्ष होते, गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून टिळकनगर सजवलं. ती हजारोंची व्यवस्था गावाने कशी उचलली, हे मी दर वर्षी वर्गात हातवारे करून सांगतो. मला तर फक्त तीन पोरांना स्टँडजवळच्या दुकानापर्यंत न्यायचं होतं.

खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून दुकानदाराने सोन्याला (थोरल्याला दोन रुपये देऊन खात्री करून घेतलेल्या सोन्याला) वर बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, पाण्याचा फवारा मारला आणि मशीन कपाळापासून मागे एकदा फिरवलं. मधोमध एक पांढरा रस्ता तयार झाला. सोन्याने तो आरशात पाहिला आणि खदखदून हसला. त्याच क्षणी मोन्याने जमिनीवर अंग टाकलं. त्यालाही रस्ता हवा होता. मी त्याला समजावलं, की बाळा, तुझं नाही करायचं, तेच तर सगळ्याचं सार आहे. पण सार त्याला पटेना, तो सकाळपासून कापलेल्या गावभरच्या केसांत लोळत राहिला, आणि उचलला तेव्हा त्याच्या अंगावर साठीच्या माणसाची दाढी होती. दुकानदार म्हणाला, "सर, आता याचंही काढावंच लागेल." काढलं. मग दोघं एकमेकांचं डोकं चोळत बसले आणि दोघांनी एका सुरात मागणी केली, दादाचं पण. दादाने पन्नास रुपये सांगितले आणि वर अट घातली, की पप्पांचं झाल्याशिवाय मी बसणार नाही. दुकानात वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकांनी त्याला पाठिंबा दिला. मी बसलो. दुकानदाराने माझ्या डोक्याकडे पाहून निम्मेच पैसे घेतले.

भर दुपारी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेने आम्ही चौघं घरी निघालो, उंचीप्रमाणे ओळीत, तुळतुळीत. समोरून एक ओळखीचे गृहस्थ सायकलवरून आले, उतरले, काही न बोलता मला हात जोडले आणि मान खाली घालून निघून गेले. प्राध्यापकाला गावात अजून मान आहे, असं वाटून बरं वाटलं. पुढे एका दुकानाच्या पायरीवरून एक आजोबा लगबगीने खाली आले.

"केव्हा झालं?"

"हे काय, अर्धा तास झाला."

"फार त्रास झाला का?"

"मोठ्याला नाही. धाकटा मात्र जमिनीवर लोळला."

"लहान आहे हो. लळा असतो." त्यांनी मोन्याच्या (किंवा सोन्याच्या) डोक्यावरून हात फिरवला. "आणि तुम्ही? तुम्ही सांभाळा स्वतःला."

"माझं काय," मी म्हणालो, "मला तर एकदम मोकळं वाटतंय."

आजोबा दोन पावलं मागे सरकले.

घरी आई शेवटचे बिबडे घालून गच्चीवरून खाली उतरत होती. तिने आम्हाला दारात पाहिलं, हातातली ताटली सोडली आणि एवढ्या जोरात "कोन गेलं रे बापा!" म्हणून हंबरडा फोडला की समोरच्या घरातला पंखा बंद झाला, ऐकू यावं म्हणून. मी म्हणालो, कोणी नाही. तिचा विश्वास बसेना. तिने सावद्याच्या मामांपासून सुरुवात केली, भुसावळची आत्या, खिरोद्याचे काका, एकेकाचं नाव घ्यायची, डोळ्याला पदर लावायची आणि मी नाही म्हटलं की पुढच्याकडे जायची. यादी संपली. मग ती थांबली आणि तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मुलगा डोकं कोणासाठी करतो, हे तिला आठवलं असावं. वडील तर जाऊन बरीच वर्षं झालेली.

"मंग मीच राह्यले ना!" ती म्हणाली.

तोवर गाव जागं झालं होतं. संध्याकाळी पाचपासून माणसं भेटायला येऊ लागली. बायका पदर तोंडाला लावून येत आणि दार आई स्वतः उघडे. एक काकू तिला बघून किंचाळल्या. दुसऱ्यांना वाटेत आवरून धरलेलं रडू तिला धडधाकट पाहिल्यावर फुटलं ते आवरेचना, मग आईनेच त्यांना पाणी पाजलं. आज या घरात चूल पेटणार नाही म्हणून कोणी पिठलं-भाकरीचा डबा आणला. तो सोन्या-मोन्यांनी संपवला. पुरुष मंडळी माझ्या खांद्यावर हात ठेवून आत येत आणि कारण कळल्यावर तो हात काढून घेत. आई मात्र हळूहळू खुलत गेली. येणारा प्रत्येक जण दाराबाहेर तिच्याबद्दल चांगलं बोलत आलेला, ते सगळं तिने आत बसवून, चहा देऊन, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. भरताला तिच्यासारखा हात आख्ख्या तालुक्यात नाही, हे एका बाईंकडून तिने दोनदा वदवून घेतलं. त्या बाईंशी तिचं कैक वर्षं पटत नव्हतं.

बायकोला सासू गेल्याची बातमी एसटीतच कळली. ती रडत घरात शिरली, समोर सासू कपबशा विसळताना दिसली, पलीकडे चार टकली दिसली, आणि तिचं रडणं थांबलं. माझं तेव्हा सुरू व्हायला हरकत नव्हती.

रात्री जेवताना मात्र नशीब फिरलं. दोघं धाकटे माझ्यासमोर ताटावर वाकून वरण-भात खात होते, दोन डोकी, चार इंचांवर, ट्यूबलाइटखाली. आणि मला त्यांचे भोवरे दिसले. एकाचा उजवीकडे वळत होता, दुसऱ्याचा डावीकडे! मी ताटावरून उठलो. काही जुळी अशी आरशातल्या प्रतिबिंबासारखी असतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पुरावा इतके दिवस केसांखाली दबून होता आणि एका इतिहासकाराने तो उत्खनन करून बाहेर काढला होता. मी थोरल्याला रोख दोन रुपये देऊन नावं निश्चित केली आणि डायरीत नोंद केली: सोन्या उजवा, मोन्या डावा. त्या रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी डायरी उघडली आणि घाम फुटला. उजवा म्हणजे कोणाच्या उजवीकडून? माझ्या, की सोन्याच्या? बरं, समोरून पाहिलं होतं की पाठीमागून, तेही लिहिलेलं नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत अशी नोंद आढळली असती तर मी शून्य दिलं असतं. दोन्ही धाकट्यांना ओट्यावर बसवून मी पुढून वाकलो, मागून वाकलो, शेवटी त्यांच्या मागे उलटा उभा राहून पायांतून पाहिलं. जाता-येता लोक थांबून बघत होते. कालच्या दुःखाचा परिणाम म्हणून सोडून देत होते.

शेवटी मी थोरल्यापुढे शरण गेलो. म्हटलं, "खरं सांग, तू काय बघून ओळखतोस? भोवरा? कान? तीळ आहे का कुठे?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी वर्गात शेवटच्या बाकाकडे टाकतो.

"पप्पा, बघायचं काय त्यात? ते दोघं मुळी सारखे दिसतच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मोन्या मोन्यासारखा दिसतो आणि सोन्या सोन्यासारखा." मग त्याने हात पुढे केला. "याचे पाच रुपये. उन्हाळ्याचा फरक वेगळा."