अक्षरांची पंगत

मनुष्याच्या अपत्याचे नाव ठेवताना आत्याबाईंच्या लहरीवाचून अन्य कायदा आड येत नाही. परंतु जाळ्यास जोडलेल्या संगणकाचे बारसे करू पाहणाऱ्या इसमास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कच्या नोंदणी-कचेरीने १९८५ साली काढलेले फर्मान शिरसावंद्य मानावे लागते, आणि त्यात अक्षरांच्या पंगतीचा जो बंदोबस्त आहे, तो पाहून आमच्याकडील कर्मठ शास्त्रीबुवांनीही हात जोडले असते.

इंग्रजी सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि संयोगचिन्ह एवढ्यांनाच येथे पाट मिळतो. थोरला 'ए' आणि धाकटा 'ए' यांत भेद मानीत नाहीत, एवढाच काय तो समतेचा अंश. अंकास नावाच्या अग्रभागी बसण्याची मुभा १९८९ साली मिळाली. संयोगचिन्हाने मात्र आरंभी बसू नये, अंतीही बसू नये, लग्न जमविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे दोहोंमध्येच राहावे. बिंदूने तुकडे पाडावेत, आणि एकेक तुकडा ६३ अक्षरांची हद्द ओलांडू न देता आवरावा.

अंडरस्कोअर नामक तळाशी लोळणाऱ्या रेघेस तर पंगतीत सक्त मज्जाव. नवल असे, की संगणक ज्या सेवा पुरवितो त्यांच्या नोंदींत तिलाच अग्रपूजेचा मान आहे, आणि त्याचे कारणही हेच, की यजमानाच्या नावात ती कदापि येत नसल्यामुळे चाकराची यजमानाशी गल्लत होण्याचे भय उरत नाही!

देवनागरीची दरखास्त २००३ साली मंजूर झाली, ती वेषांतराच्या अटीवर. ज्या 'भारत' या प्रत्ययाखाली २०१४ पासून मराठी पत्ते नोंदता येतात, तो दप्तरी 'एक्सएन', पुढे दोन संयोगचिन्हे आणि मग 'एच२बीआरजे९सी' अशा सोंगाने वावरतो. शिवाय काही कळफलकांवर 'दऱ्या' हा शब्द ज्या अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे उमटतो, ते चिन्ह २००३ च्या नियमांनी निरुपयोगी समजून गाळले. सबब सह्याद्रीच्या दऱ्यांवर हक्क सांगण्यास गेलेला अर्जदार कचेरीबाहेर पडे तो दर्याचा मालक होऊन. २०१० साली ही चूक दुरुस्त करून हलन्तामागे बसण्याच्या अटीवर त्या चिन्हास पंगतीत घेण्यात आले.

अशा रीतीने जे कोणास दिसत नाही त्यास पाट मिळाला. आणि जी सर्वांस दिसते ती तळची रेघ अद्याप मुदपाकखान्याच्या दाराशी उभी आहे.