घरचा नास्तिक

घनसावंगी तालुक्यातून जालन्याला बी.एस्सी.ला गेलेला पोरगा पहिल्या वर्षी मेस बदलतो आणि दुसऱ्या वर्षी देव सोडतो. आमच्या शेजारच्याचंही तसंच झालं. कुणीतरी त्याला भगतसिंगांचं ‘मी नास्तिक का आहे’ दिलं. लेख छोटा, एका रात्रीत संपला. मग दाभोलकर. तिथं जरा अडलं, कारण दाभोलकरांचं भांडण देवाशी नव्हतं, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्यांशी होतं. आणि याला तर थेट वरच्याशीच भांडायचं होतं.

घरच्यांनी विरोध केला असता तर पोरगं सुखी झालं असतं. पण आई म्हणाली, “नको मानू. आधी जेव.”

आषाढी एकादशीला त्यानं उपवास करणार नाही असं जाहीर केलं. नको करू म्हणाले. पण त्या दिवशी चुलीवर भाकरी पडणार कुठून? साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. तत्त्वाला जागून यानं कशाला हात लावला नाही. उपवासवाले दिवसभर खात होते आणि हा तिन्हीसांजेला बाजेवर आडवा. “घरात कडक एकादशी एकट्या लेकरानंच केली,” आजी गल्लीभर सांगत फिरली.

२०२२च्या ऑगस्टात त्याला जबर मुद्दा मिळाला. जांब समर्थ, म्हणजे रामदासांचं जन्मगाव, आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळे हळहळले, हा तरतरीत झाला. “ज्यांना स्वतःला राखता येईना, ते तुम्हाला काय राखणार?” आजी दोन महिने गप्प. ऑक्टोबरात मूर्ती सापडल्या.

“पोलिसांनी शोधल्या,” त्यानं घाईनं बजावलं.

“हाव ना. अन् आपली विहिरीवरची मोटर सापडली का रे?”

यावर भगतसिंगांनी काही लिहिलेलं नाही.

अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला माणसं रात्रीची पायी निघतात. आत्या जालन्यातच राहते. तिच्यासोबत हाही गेला, समाजाचं निरीक्षण करायला. देवळाशी पोचल्यावर ‘मी आत येणार नाही’ म्हणाला आणि आत्याचा जीव भांड्यात पडला. तिनं चपला, पिशव्या, मोबाइल, दोन लहान पोरं त्याच्या हवाली केली. रांग लांबलचक. दर्शन न घेणारा भरवशाचा माणूस अशा वेळी किती मोलाचा असतो, हे रांगेतल्या बाकीच्यांच्याही ध्यानात आलं.

आता पुढच्या अंगारकीच्या आधीच आत्याच्या शेजारणी विचारून ठेवतात, “तुमचा नास्तिक मोकळा आहे का हो?”