मुदतवाढ हाच अहवाल

सरकार आपली संकेतस्थळं लोकांकडून तपासून घेत नाही, अशी तक्रार शहाणी माणसं अधूनमधून करतात. ही तक्रार खोडसाळ आहे. महाराष्ट्र शासन घेतं तेवढी मोठी चाचणी जगात क्वचितच कोणी घेत असेल. बाकीचे लोक आधी चाचणी घेतात आणि मग संकेतस्थळ सुरू करतात. आपण आधी संकेतस्थळ सुरू करतो, त्याला शेवटची तारीख लावतो आणि मग शिरपूरपासून रावेरपर्यंत सगळ्यांना एकदम परीक्षेला बसवतो.

याकोब नील्सन नावाचे एक डॅनिश तज्ज्ञ आहेत. संकेतस्थळ तपासायला पाच माणसं पुरतात, असं त्यांनी २००० साली लिहून ठेवलं. पाच जणांना एकेक करून समोर बसवायचं, एक काम सांगायचं, ते करताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला लावायचं आणि आपण तोंड मिटून बघायचं. एवढ्यानं साधारण ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात, असा त्यांचा हिशेब. ठीक आहे, त्यांच्याकडे माणसांचा तुटवडा असेल. आपल्याकडे पाच माणसं तर सेतू केंद्राच्या दारात नुसती चपला शोधत असतात. आपण चाचणीला कोटीच्या खाली बसवत नाही.

या चाचण्यांचे अहवाल कुठे आहेत, असं विचारणाऱ्यांनी वर्तमानपत्र नीट वाचावं. २०२५ च्या खरिपातलेच घ्या. पीक विम्याची तारीख ३१ जुलै होती, ती १४ ऑगस्ट झाली. ई-पीक पाहणी १४ सप्टेंबरला संपायची होती, ती आधी २० सप्टेंबरला आणि मग ३० सप्टेंबरला संपली. हमीभावानं कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी होती. तिची मुदत ३० सप्टेंबर, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ डिसेंबर. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी १८ नोव्हेंबरपर्यंत होती, तीही ३१ डिसेंबरपर्यंत गेली. कुठे अतिवृष्टीचं कारण होतं, कुठे पुराचं. पण ‘तांत्रिक अडचणी’ हे दोन शब्द बातमीत कुठे ना कुठे सापडायचेच. अडचण कुठल्या पानावर, कुठल्या बटणापाशी, कोणाला आली, हे कधी कळलं नाही. सरकारी निष्कर्ष दर वेळी एकच निघाला, की दोष तारखेत होता. तारीख दुरुस्त केली.

तारीख सरकते, कापूस सरकत नाही. लांब धाग्याचा त्या हंगामातला ८,११० रुपयांचा हमीभाव कागदावर वाट बघत असतो आणि इकडे घरात रचलेल्या कापसामुळे लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटलेली असते. डोक्यावर बियाण्याची उधारी असते. मग ओटीपीच्या आधी खेडा खरेदीवाल्याची गाडी दारात येते. त्याला ना आधार लागतो, ना सातबारा, ना फोटो. ‘वापरायला सोपी सेवा’ कशी असते याचा खान्देशातला सर्वोत्तम नमुना तोच आहे. फक्त भाव त्याचा असतो.

पण या सगळ्या चाचण्यांमधली मानाची चाचणी म्हणजे लाडक्या बहिणींची ई-केवायसी. त्या अर्जात शेवटी एक घोषणा होती. लांबलचक सरकारी वाक्य होतं, पण मथितार्थ असा, की माझ्या कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत कार्यरत नाहीत. आणि पुढे दोन पर्याय: होय, नाही.

आता शिंदखेड्याकडच्या एका मावशींना केंद्रावर बसलेल्या पोरानं विचारलं, घरात कोणी सरकारी नोकरीत? मावशी म्हणाल्या, “नही रे भाऊ, आमना घरमा कोनीच नोकरीले नही.” पोरानं ‘नाही’ दाबलं. म्हणजे ‘नाहीत’ हे ‘नाही’. म्हणजे आहेत. ज्या घरात तीन पिढ्यांत रोजगार हमीपलीकडे कोणी सरकारी काम पाहिलं नव्हतं, त्या घरात एका बोटानं सरकारी भरती झाली. ना जाहिरात, ना परीक्षा, ना पेपरफुटी. धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसलेल्या मुलांनी या पद्धतीचा जरूर अभ्यास करावा. फरक एवढाच, की या भरतीत पगार सुरू होत नाही, महिन्याचे १,५०० रुपये मात्र धोक्यात येतात.

त्याच अर्जात पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक हवा होता आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही. नवरा वारलेला, वडील त्याच्याही आधी गेलेले, अशा बाईनं काय करायचं? ओटीपी वर जाऊन आणण्याची सोय पोर्टलवर नव्हती. पुढे मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट काढली गेली, चुकलेला पर्याय दुरुस्त करायची संधीही दिली गेली. सरकारनं ऐकलं नाही, असं कोण म्हणेल? ऐकलं, फक्त आधी दोन कोटींहून जास्त बायकांना रांगेत उभं करून मग ऐकलं. एखाद्या अंगणवाडीच्या ओट्यावर पाच बायका बसवून हा अर्ज दाखवला असता, तर त्यात एक तरी विधवा निघाली असती आणि ‘नाहीत’ला ‘नाही’ म्हणणाऱ्या चौघी. नील्सनसाहेबांचे ८५ टक्के दुपारच्या चहाआधी हाती आले असते.

इथे कोणी तरी म्हणेल, बायका अडाणी, त्याला पोर्टल काय करणार? जळगावात असं बोलताना जरा इकडेतिकडे बघावं. इथल्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचं नाव मिळालं, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यावर प्रबंध लिहून लोक पीएचडी होतात. म्हणजे न शिकलेल्या बाईचं डोकं समजून घ्यायला विद्यापीठाला वर्षं लागतात, आणि पोर्टल तिला ओटीपीपुरती दहा मिनिटं देतं.

प्रयोगशाळेचंही आपल्याकडे काही अडलेलं नाही. परदेशात त्यासाठी एकतर्फी काचेची खोली बांधतात, म्हणजे तपासणारा पलीकडून बघतो आणि वापरणाऱ्याला तो दिसत नाही. आपल्याकडे वापरणाऱ्याला कोणीच दिसत नाही. जळगावचं गोलाणी मार्केट असो की तालुक्याच्या तहसील कार्यालयासमोरची गाळ्यांची रांग, तिथल्या प्रत्येक ऑनलाइन सेंटरवाल्या पोराकडे राज्यातलं सर्वात मोठं संशोधन पडून आहे. कोणतं पोर्टल पहाटे पाचला चालतं, कोणत्या पानावर मागे जायचं बटण दाबलं की सगळा अर्ज पुसला जातो, फोटो किती केबीचा झाला की साइट गिळते, हे त्याला पाठ असतं. सातबाऱ्यावर ‘सुकलाल’ आणि आधारवर ‘सुखलाल’ असला की एका खऱ्या माणसाचे दोन संशयित होतात, हेही त्याला ठाऊक असतं. त्याच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो: ‘सर्व्हर डाऊन आहे. परत परत विचारू नये.’ सरकारी संकेतस्थळांविषयी इतका नेमका अहवाल मी दुसरा वाचलेला नाही.

मधले दलाल हटवण्यासाठी सरकारनं सगळं ऑनलाइन केलं, हे धोरण थोरच. दलाल हटला. त्याच्या जागी पन्नास रुपये घेऊन बटणं दाबणारा पोरगा आला. त्याचा राग करू नये, तो मेहनतीनं खातो. फक्त पन्नास रुपये कशाचे, एवढं समजून घ्यावं. योजनेचा अर्ज फुकट असतो. पैसे तो न समजण्याचे असतात.

चाचणीत आणखी एक अडचण येते. आपला माणूस साहेबासमोर साइटला नावं ठेवत नाही. “साइट चांगली शे साहेब, मनंच काही चुकनं व्हई,” म्हणून मोकळा होतो. अपाला लाहिरी-चव्हाण या मुंबईत काम करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी हे फार पूर्वी ओळखलं आणि त्यावर ‘बॉलिवूड पद्धत’ काढली. नुसतं ‘तिकीट काढून दाखवा’ म्हणायचं नाही. सांगायचं, की तुमच्या गुणी भाचीचं लग्न ठरलंय, आणि आत्ताच कळलंय की नवरा मुलगा सुपारी घेणारा गुंड आहे, त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे, पुरावा तुमच्या हातात आहे, ताबडतोब बंगळुरूचं विमान पकडायचंय. माणूस गोष्टीत शिरला की भीड सुटते आणि पोर्टलला शिव्या घालायला लागतो. तोच तर खरा निष्कर्ष!

खान्देशात ही पद्धत फुकट मिळते, पटकथा लिहावी लागत नाही. पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची आज संध्याकाळी पाचची वेळ आहे, लाइट गेलेली आहे, बाहेर रणरणतं ऊन आहे आणि त्या उन्हात मोबाइलचा पडदा आरशासारखा झाल्यानं त्यात फक्त स्वतःचं घामेजलं तोंड दिसतंय. अशा वेळी अमळनेरचे एखादे जिभाऊ पोर्टलबद्दल जे बोलतात ते टिपून घ्यायला एक सचिव आणि एक टेपरेकॉर्डर, एवढीच सामग्री पुरे. छापताना मात्र संपादकांना बरंच गाळावं लागेल.

दुसरी एक पद्धत आहे, पत्त्यांची. प्रत्येक सेवा एकेका पत्त्यावर लिहायची, गठ्ठा लोकांच्या हाती द्यायचा आणि तुम्हीच जुळवा म्हणायचं. लोक कशाला कशाजवळ शोधतात ते कळतं. ही पद्धत तर आमच्यासाठीच जन्मली. आखाजीला खान्देशात गावोगाव पत्त्यांचे डाव बसतातच, त्यात सरकारनं आपला एक गठ्ठा सरकवावा. शेतकरी ‘उत्पन्नाचा दाखला’ आणि ‘डोमिसाईल’ हे दोन पत्ते ‘पोराचं कॉलेज’ या ढिगात टाकेल, कारण त्याला ते जूनमध्ये कॉलेजसाठी लागतात. ‘आपले सरकार’वर मात्र आधी विभाग निवडा, मग उपविभाग निवडा, मग ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ शोधा. म्हणजे दाखला मागण्याआधी मंत्रालयाचं खातेवाटप पाठ हवं. ते तर खुद्द मंत्र्यांनाही शपथविधीनंतर बरेच दिवस कळत नाही.

सरकारनं नियम केले नाहीत असंही नाही. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. २०२५ च्या सुरुवातीला राज्यानं कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम राबवला, त्यातही संकेतस्थळ हा एक मुद्दा होता आणि गुण होते. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांना ई-केवायसीत ‘डोळे मिचकावा’ असं सांगितलं जात होतं, तेव्हा कोर्टाला हे बोलावं लागलं. नियमांचा परिणाम दिसतोही. पानाच्या वर अक्षर लहानमोठं करायला ‘अ−’, ‘अ’, ‘अ+’ अशी तीन बटणं येतात. ती दाबली की बातम्यांची पट्टी मोठी होते, कॅप्चा आहे तेवढाच राहतो. तपासणाऱ्याच्या यादीत ‘बटण आहे का’ असा रकाना असतो. ‘कामाला येतं का’ असा रकाना ठेवला, तर तो भरायला कोणाला तरी साक्री तालुक्यापर्यंत जावं लागेल, आणि प्रवासभत्त्याचं बिल पुन्हा ऑनलाइनच टाकावं लागेल.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं दोन गोष्टी केल्या होत्या. एक म्हणजे सेवा बनवणाऱ्या चमूतल्या प्रत्येकानं दर सहा आठवड्यांत निदान दोन तास खऱ्या माणसाला ती वापरताना बघावं, हा आग्रह. दुसरी गोष्ट त्यांच्या मानकांतच लिहिली होती: सेवा खुली होण्याआधी संबंधित मंत्र्यानं ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वापरून बघावी. पुढे त्यांनी ही अट मानकांतून काढून टाकली, पण टाकलेलं उचलायला आपल्याला संकोच कसला?

आपले मंत्री पोर्टलवर एक बटण स्वतः दाबतातच, लोकार्पणाचं. राज्यात न अडकता चालणारं तेवढं एकच बटण आहे. त्यापुढची बटणंही त्यांनी दाबावीत. मे महिना, चोपड्याचं एखादं सेंटर, प्लास्टिकची खुर्ची, हातात एका बहिणीचा अर्ज. स्वीय सहायक बाहेर, जिल्हाधिकारी बाहेर, साहेबांच्या नावानं रांगेत आधी घुसायचं नाही. केंद्रवाल्या पोरानं फक्त बघायचं, मदत करायची नाही आणि सगळ्यात अवघड म्हणजे हसायचं नाही. पहिल्याच पानावर पोर्टल मोबाइलवर ओटीपी पाठवेल. तो मोबाइल स्वीय सहायकाच्या खिशात असेल आणि सहायक बाहेर उन्हात उभा असेल. साहेब त्याला हाक मारतील तेव्हा चाचणी थांबवावी आणि वहीत लिहावं: वापरणाऱ्याला सरकारी माणसाच्या मदतीशिवाय अर्ज भरता आला नाही.