बाहेरून काय कळतंय का?

तुमच्याही ओळखीत एक असणारच. आमच्याकडे आप्पा आहेत. मुक्काम सातारा, वाहन पिकअप, विषय ब्रेक.

पाहुणा आला की चहाआधी त्याला अंगणात नेतात, पिकअपच्या पुढच्या चाकाशी उकिडवं बसवतात आणि विचारतात, “बाहेरून काय कळतंय का?” काहीही कळत नाही. कंपनीतून आलेली 15 इंची पत्र्याची चाकं, जशीच्या तशी. “नाहीच कळणार!” मग आत मोठी डिस्क नि मोठा कॅलिपर कसा बसवला, याचं कीर्तन. जगापासून लपवलेली गोष्ट जगाला सांगितल्याशिवाय या गृहस्थांना घास उतरत नाही.

मोठी चाकं घालून मोठे ब्रेक बसवणं त्यांच्या मते पोरकटपणा. मूळ चाकात, कॅलिपर आणि रिम यांत निदान 3 मिलिमीटर फट राखून बसवले तर खरं. त्यासाठी त्यांनी कॅलिपरच्या मापाचा पुठ्ठा कापलाय, भाचीच्या लग्नपत्रिकेचा. वरचा गणपती शाबूत आहे. कुठेही चाक उघडं दिसलं की आप्पा तो पुठ्ठा आत फिरवून बघतात. एका पुढाऱ्याच्या ताफ्यातली गाडी पंक्चर झाली तिथेही पोचले. हवालदाराने हटकलं. पाच मिनिटांत हवालदार उकिडवा.

एवढं करून पहिल्याच फेरीत चाक टकटक वाजू लागलं. बॅलन्सिंगसाठी रिमला आतून चिकटवलेलं वजन कॅलिपरला लागत होतं. काकू ओट्यावरून म्हणाल्या, “आता मात्र बाहेरून कळतंय हां!”

मी एकदा म्हणालो, आप्पा, गाडी शेवटी थांबवतो टायर. त्याची पकड सुटली की डिस्क परातीएवढी असून काय उपयोग? “एकदा थांबायला नाही हो, घाटात पुन्हा पुन्हा थांबायला! मोठी डिस्क उष्णता पचवते.” हे मात्र खरं आहे. पण पिकअपवर आजवरचं सर्वांत जड ओझं म्हणजे मांडवाच्या खुर्च्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत परस्पर फेरफार करू नयेत म्हणणारं, त्यांना पाठ आहे. पासिंगला गेले तेव्हा साहेबांना तेवढा तो प्रश्न विचारला नाही. साहेबांनी सही केली. आप्पा हिरमुसून परतले; एवढा जाणकार माणूस समोर असून दाखवता आलं नाही.

आम्ही कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघणार म्हटल्यावर मात्र आदल्या रात्री बॅटरी घेऊन स्वतःच आले. माझ्या गाडीचं ब्रेक ऑईल चहासारखं काळपट झालं होतं. मग सुरू झालं व्याख्यान: नवं डॉट 3 ऑईल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा पिऊन पिऊन तेच 140 वर येतं, मग वाफ होते आणि पेडल पोकळ. बोलता बोलता त्यांनी सगळं ऑईल बदललं. मी आत बसून “दाबा… धरा… सोडा” ऐकत पेडल मारत होतो, ते चाकाखाली आडवे होऊन हवा काढत होते. अंगात धुतलेला पांढरा सदरा. पैशाचं नाव काढलं तर रागावले. “चढताना जो गिअर, उतरताना तोच. नुसत्या पायावर भरवसा नको.”

मला भरून आलं, कबूल करायला जड जातंय. म्हटलं, आप्पा, तुम्ही आणि काकू पिकअप घेऊन चला की आमच्याबरोबर. एवढे ब्रेक बसवलेत, एकदा घाट तरी दाखवा त्यांना.

“छे! पुढचे झालेत नुसते,” आप्पा हात पुसत म्हणाले. “मागचे ड्रम अजून कंपनीचेच आहेत.”