फेलोशिपची हमी विकणाऱ्यास खुले पत्र



तुमचं माहितीपत्रक एका माजी विद्यार्थिनीने माझ्या टेबलावर ठेवलं. शेवनिंग, फुलब्राइट-नेहरू, राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती, आणि खाली ठळक अक्षरांत ‘निवडीची हमी’. ही हमी कुणाच्या वतीने देता? शेवनिंग ब्रिटिश सरकारची. फुलब्राइट-नेहरूचं काम भारतात यूएसआयईएफ ही संस्था पाहते. शाहू शिष्यवृत्ती राज्याचा सामाजिक न्याय विभाग देतो. यांपैकी एकाही निवड समितीत तुम्हाला खुर्ची नाही.

मग विकता काय? शेवनिंगच्या अर्जाला पैसे पडत नाहीत, फुलब्राइटच्याही नाहीत. अटी, मुदत, सगळं त्यांच्याच संकेतस्थळांवर आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती तर मराठीत निघतात. त्याच उतरवून देण्याचे हजारो रुपये तुम्ही घेता, आणि तेही ज्या घरांत सोयाबीन विकल्याशिवाय कॉलेजची फी भरली जात नाही, त्या घरांतून.

पण पैशांहून मोठं नुकसान तुमच्या ‘तयार एसओपी’ने, म्हणजे अर्जासोबतच्या आयत्या उद्देशपत्राने, केलंय. तुमचं पत्रक मला आणून देणाऱ्या या मुलीने ते विकत घेतलं; तिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो. तिने तिथल्या विहिरींची पाणीपातळी मोजून वह्या भरल्यात, आणि तिला जलव्यवस्थापनच शिकायचंय. तुमच्या दोन पानांत ना विहीर आहे ना वही. ‘लहानपणापासून मला जगाचे कुतूहल होते’ असं एक वाक्य मात्र आहे. हाच विषय का, हाच अभ्यासक्रम का, परत येऊन काय करणार, हे समिती विचारते. शेवनिंगची तर अटच आहे की शिक्षण संपल्यावर किमान २ वर्षं मायदेशी राहायचं. मुलाखतीत याची उत्तरं तिला द्यायची आहेत, तुमच्या वाक्यांना नाही.

वाट दाखवणारा माणूस लागतो, हे मला मान्य आहे. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला म्हणून तरुण भीमराव आंबेडकरांच्या कॉलेजशिक्षणाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळाली. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. गुरुजींनी त्याचे पैसे लावले नव्हते. आजही स्वतः शेवनिंगवर शिकून आलेले राजू केंद्रे आपल्या ‘एकलव्य’ संस्थेतून घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला तयार करतात. कितीतरी सीनियर आपले जुने अर्ज धाकट्यांना वाचायला देतात, मसुद्यावर रात्री उशिरापर्यंत खुणा करून पाठवतात.

त्या मुलीचे पैसे परत करा. पत्रकावरची ‘हमी’ खोडा. आणि आमच्या कॉलेजच्या फाटकाशी पत्रकं वाटायला पोरं पाठवणं उद्यापासून बंद करा.

— एक प्राध्यापक